आक्का, शेवटचे दोन भाग राहिले

आक्का, मोबाइल अजून तुझ्या मागाशेजारच्या कोनाड्यातच आहे, सुताच्या कांड्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला. तू गेल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. आपल्या कोरियन मालिकेचे शेवटचे दोन भाग बघायचे राहिलेत. मासे विकणाऱ्या बाईची ती मुलगी, त्या गडगंज घराची सून, तोंड उघडते की गप्प बसते ते त्यात कळणार होतं. तू म्हणत होतीस, गप्प बसेल. मी म्हणत होते, बोलेल. भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस, आणि आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडत बसलेय.

तुझं तेरावं झालं. गोड जेवण झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्याच दिवशी साड्यांच्या शोरूमवाल्यांचा, दीपाच्या होणाऱ्या सासरचा, निरोप आला. आई गेली की पोरीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आपल्यातली रीत. त्यांना थांबायचं नाही. सोमवारी येतो, तारीखच धरून जाऊ, म्हणाले. तेव्हापासून अण्णा माझ्या मागे आहेत. बायको गेलेला माणूस, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, आणि मला म्हणतात, "सुमन, तिच्या मनातलं तुलाच ठावं. दीपाचं लगीन तिला हवं होतं न्हवं? तू सांगशील तसं करतो." तुझ्या लेकीनं त्या घरात जायचं की नाही, हे आता माझ्या एका शब्दावर येऊन ठेपलंय. आणि तुझ्या मनात शेवटी काय होतं ते मला माहीत नाही. जगाला वाटतं दोघी जावा म्हणजे एकच जीव. मला खरंच माहीत नाही गं.

निपाणीकडून लग्न होऊन मी शहापुरात आले तेव्हा या घराला मी घाबरले होते ते मागांच्या आवाजामुळे. चार पॉवरलूम एकदम सुरू झाले की छातीत धडधड कुठली आणि मागाची कुठली हेच कळायचं नाही. तू वडगावची, त्या आवाजातच पाळण्यात झोपलेली. तू समोरच्या मागावरून नुसते ओठ हलवायचीस आणि हातानं खुणा करायचीस, आणि मी वेड्यासारखी "काय? काय?" ओरडायचे. मग तू शिकवलंस. ओठांकडं बघ, गालांकडं बघ, मान कशी हलते बघ. मी तुला "तुम्ही" म्हणायचे, थोरली जाऊ म्हणून. एक दिवस तू माग थांबवून जवळ आलीस आणि म्हणालीस, "मागावर तुमी-आमी करायला तोंड लई हलवाय लागतंय. तू म्हण मला." सासूबाईंना ते अजिबात आवडलं नव्हतं. आपण मात्र त्यानंतर त्यांच्याबद्दलसुद्धा त्यांच्यासमोरच बोलायला लागलो.

कडोलीच्या साहित्य संमेलनाला मला तूच नेलंस. मला वाचायची, लिहायची हौस म्हणून. पाहुण्यांचं भाषण ऐन रंगात आलं आणि माइक बंद पडला. मांडवात गोंधळ, पोरं हसतायत, आणि तू शेवटच्या रांगेत बसून, त्यांचे ओठ वाचून, माझ्या कानात सगळं भाषण सांगतेयस. मध्येच म्हणालीस, "आता त्यो माइकवाल्याला शिवी देतोय. ती बी सांगू?" मी पदर तोंडात कोंबून हसले होते. तसं हसणं मला परत कधी येईल असं आता वाटत नाही.

कोरियाची मालिका आपल्या घरात आणली दीपानं. तिचा जुना मोबाइल तुला दिला आणि हिंदी आवाजातली एक मालिका लावून दिली. तू पाच मिनिटं बघितलीस आणि कपाळाला आठ्या घातल्यास. "ओठ येक बोलत्यात आणि आवाज येक बोलतोय. ह्यातलं खोटं कुठलं?" मग आपण हिंदी आवाज काढून टाकला आणि खाली हिंदी अक्षरं येतात ती ठेवली. तुझी शाळा कन्नड, ती अक्षरं तुला भराभर वाचता यायची नाहीत. दुपारी जेवणानंतर मोबाइल कोनाड्यात उभा करायचा, मी वाचायचं आणि माझ्या मागावरून ओठांनी तुला सांगायचं. पण तुला माझी फारशी गरज नव्हती. भाषा परकी, तरी म्हातारा मालक थोरल्या पोराकडं बघून गोड हसला की तू मला खूण करायचीस, हा ह्याला बुडवणार. आणि तो बुडवायचाच.

काय एकेक घरं ती! जिन्यावर गालिचे, जेवणाच्या टेबलावर एवढाएवढासा घास, आणि प्रत्येकाच्या पोटात सुरी. कंपनी कुणाकडं जाणार, म्हाताऱ्याची सही कुणाला मिळणार. सख्खा भाऊ भावाच्या मुळावर उठलेला. तू म्हणायचीस, "एवढं हाय तर ह्यास्नी झोप का लागत न्हाय?" आणि तरी रोज दुपारी तुला तेच घर बघायचं असायचं. पडदे बघायचीस, साड्या नाहीत म्हणून हळहळायचीस. या शेवटच्या मालिकेत तर तू बुडून गेली होतीस. मासेवालीची पोर शिकून, झगडून, थोडं कपट करून त्या घराची सून होते. मग एका भागात धाकटा मुलगा, तिचा नवरा, गाडीखाली माणूस घालतो. घरातली सगळी वडीलधारी एका खोलीत बसतात आणि ठरवतात की गाडी ड्रायव्हर चालवत होता. ड्रायव्हर तुरुंगात जातो. त्याची आई रोज येऊन कंपनीच्या फाटकासमोर बसते. सुनेला सगळं माहीत आहे, आणि ती रोज त्याच फाटकातून गाडीनं आत जाते.

"बोलायला पायजे तिनं," मी म्हणायचे.

"का म्हणून? आईच्या अंगाला माशाचा वास मारायचा. त्यातनं वर आली ती. आता परत खाली जाऊ दे व्हय?"

"आणि ती म्हातारी फाटकासमोरची?"

तू तुटलेला धागा जोडायला वाकायचीस आणि बराच वेळ मान वर करायची नाहीस.

कारण एव्हाना आपल्या घरात शोरूमवाल्यांचं स्थळ आलेलं होतं. दीपा ज्या ऑफिसात हिशेब लिहायला जाते, तिथं त्यांच्या मुलानं तिला पाहिली. आपल्याच समाजातली माणसं, पण ती कुठं आणि आपण कुठं. आपण विणतो, ते विकतात. आपल्या मागांवरचं सगळं काम त्यांचंच. मी तुला विचारलं होतं, एवढी मोठी माणसं या बोळात कशी शिरली? त्यांच्या तोलाची स्थळं का मोडली? तू म्हणालीस, "तुला चांगलं बघवतच न्हाय." हे तू खोकत खोकत म्हणालीस. त्या खोकल्यापुढं माझं तोंड बंद व्हायचं. कापसाची फुंद तुझ्या छातीत जाऊन बसली होती आणि तुला एकच ध्यास, दीपाच्या छातीत ती जायला नको. तिला तू लहानपणापासून शेडमध्ये येऊ दिलं नाहीस. उंबऱ्यावर बसून अभ्यास करायची, तेवढीच मुभा. ओठांची भाषासुद्धा शिकवू द्यायची नाहीस मला. "ती आली की मागच आला गळ्यात," म्हणायचीस.

साखरपुड्याच्या दिवशी मंगल कार्यालयात बँजो असा वाजत होता की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागत होतं. आपल्या दोघींना बरं वाटलं, घरी आल्यासारखं. दीपा आत जाऊन त्यांनी दिलेली साडी नेसून दारात आली. काठ बघितल्याबरोबर तू मला कोपरानं ढोसलंस. साडी तुझ्याच मागावरची होती. त्यांच्या शोरूमची पट्टी लागून आपल्याच पोरीच्या अंगावर परत आली होती. आपण दोघी हसत होतो. बायकांनी दीपाला गराडा घातला, आणि तेवढ्यात खांबाजवळ मुलाचे वडील मुलाकडं वळून बोलायला लागले. एवढ्या गोंगाटात कोण ऐकणार म्हणून तोंडावर हातसुद्धा धरला नाही त्यांनी.

"ड्रायव्हरची बायको परत दारात आलती. तिला गप कर. गाडी तू चालवत होतास हे तिला ठावं हाय."

मी वाचलं. तू वाचलंस. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. निपाणीच्या अलीकडं हायवेवर मोटरसायकलवाला गाडीखाली गेला होता ती बातमी आपण पेपरात वाचली होती. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर बेळगुंदीचा, त्याच गुन्ह्यात आत आहे, हेही माहीत होतं. तू डोळ्यांनी मला म्हणालीस, गप. मग पदर सारखा केलास आणि ओवाळायला पुढं गेलीस.

त्यानंतर आपण जेवढं भांडलो तेवढं सगळ्या संसारात भांडलो नसू. आणि एक शब्द मोठ्यानं न बोलता. चारी माग चालू, नवरे दोघे पलीकडं, आणि आपण समोरासमोर ओठांनी एकमेकींचा जीव घेतोय. मी म्हणायचे, मोड. ज्या घरात दुसऱ्याच्या नवऱ्याला तुरुंगात घालून जेवतात, ते उद्या आपल्या पोरीला काय करतील? तू म्हणायचीस, जगात कोण धुतल्या तांदळासारखं आहे ते दाखव. म्हणायचीस, आपलं सगळं काम त्यांच्याकडून येतं, मोडलं तर चूल कशावर पेटवू? आणि शेवटी नेहमी एकच, "पोरीला आवडलाय गं त्यो. तिच्या तोंडाकडं बघ की. हसतीया. तिच्या तोंडातला घास मी काढून घेऊ?" हे म्हणताना तुझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि हात मात्र मागावरच असायचा. मी मान फिरवायचे. मान फिरवली की आपल्या भाषेत बोलणं संपलं. शेडच्या उंबऱ्यावर ऑफिसातून आलेली दीपा गुडघ्यावर हिशेबाची वही घेऊन बसलेली असायची, मी तिच्याकडं बघून काही नाही असं हसायचे.

मग त्या दुपारी तू मागावर वाकलीस आणि सरळ झालीच नाहीस. हॉस्पिटलात तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. आक्का, आयुष्यभर ओठांनी बोललीस आणि शेवटी ओठांवरच झाकण बसलं. आत वाफ धरून ते सगळं पांढरं झालं होतं. तू काहीतरी सांगत होतीस. गाल हलत होते, हनुवटी हलत होती, मी तुझ्या तोंडाशी तोंड नेलं, काही दिसलं नाही. मास्क जरा बाजूला करायला गेले तर सिस्टर कन्नडमध्ये ओरडली, "तेगीब्याडरी!" काढू नका. तिचं बरोबरच होतं. मी तिच्या पाया पडले, एक मिनिट, फक्त एक मिनिट. तिनं मला खांद्याला धरून बाहेर काढलं. काय सांगत होतीस? दीपाचं? मालिकेचं? की नुसतं पाणी मागत होतीस? मला वेड लागायची वेळ आलीय. दिवसभर आरशासमोर उभी राहून मी गाल तसे हलवून बघते, कुठल्या शब्दाला तसे हलतात म्हणून.

तुझा राग येतो. एवढा पसारा माझ्यावर टाकून गेलीस. आणि राग आला की आठवतं, माझं पहिलं मूल गेलं तेव्हा तू मला उगी रडू नको म्हणाली नव्हतीस. चारी माग सुरू केलेस आणि ओठांनी म्हणालीस, "आता वरड. कुणाला ऐकू यायचं न्हाय." मी ओरडले होते. तुझ्यामुळे जगले मी. आता माग चालू आहेत, मी ओरडतेही, पण समोर बघणारं कोणी नाही.

काल कोनाड्यापर्यंत जाऊन आले. म्हटलं, चार्जिंगला लावावा आणि ते दोन भाग बघून टाकावेत. ती सून काय करते बघावं आणि अण्णांना तेच सांगावं. बघ, काय अवस्था झालीय माझी. कोरियातल्या बाईला विचारायला निघालेय की माझ्या पुतणीचं काय करू.

*

वरचं शनिवारी लिहिलं होतं. आज बुधवार.

सोमवारी ते आले. बाप, मुलगा, एक मामा. पुढच्या खोलीत सतरंजीवर बसले. शेड लागूनच, दार उघडं, आणि आमच्या ह्यांनी दोन माग चालूच ठेवले होते, कारण कापड त्यांचंच आणि घाईचं होतं. तुझ्या फोटोला हार घातला त्यांनी. मोठा हार. तुझं नाव काढून बापानं डोळ्याला रुमाल लावला, आणि मी त्याचे ओठ बघत बसले. मग तो अण्णांना म्हणाला, आईची इच्छाच होती, उरकून टाकू. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "सांग सुमन."

हो म्हणावं, संपून जाईल, तुझीही इच्छा असेल, असं ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात शेडच्या दारात दीपा उभी दिसली, हातात चहाचा ट्रे. पाहुण्यांची पाठ तिच्याकडं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ हलवले. आवाज नाही. नुसते ओठ.

"काकी, न्हाय म्हण."

आक्का, मला वाटलं मला भास होतोय. ओठ तुझेच की गं. तशीच हनुवटी.

मी ओठांनीच विचारलं, "का?"

"गाडी त्योच चालवत होता. साखरपुड्यातच वाचलं मी."

"मग बोलली का न्हाईस?"

"आईला हवं होतं. तू नको म्हणायचीस आणि ती रडायची. रोज उंबऱ्यावरनं बघत होते सगळं."

मी म्हटलं, "तुझ्या आईला वाटत होतं, तुला हवाय."

पोरीचं तोंड कसं झालं ते मी तुला सांगणार नाही.

मी उठले आणि ह्यांना हाक मारून म्हटलं, माग बंद करा. ते बघतच राहिले. मी पुन्हा म्हटलं. माग थांबले आणि घरात एवढी शांतता झाली की बापानं चमकून माझ्याकडं बघितलं. मी मोठ्यानं बोलले. या घरात मी मोठ्यानं बोललेलं बहुतेक कुणी पहिल्यांदाच ऐकलं. म्हटलं, "हे लगीन आक्काच्या मनात न्हवतं. गाडी कोण चालवत होतं ते तिला ठावं होतं. दीपाला बी ठावं हाय."

मुलानं दीपाकडं बघितलं, ती त्याच्याकडंच बघत होती, मग त्यानं मान खाली घातली. बाप उठला, चपला घातल्या, दारातून म्हणाला, "दुःखात माणूस काय बी बोलतंय." आणि गेले. मंगळवारी सकाळी टेम्पो आला आणि त्यांचं सूत, ताणा गुंडाळलेली त्यांची बीमं सगळी घेऊन गेला. चारी माग उघडे पडलेत. आमचे हे बाहेरच असतात. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत, फक्त एकदा विचारलं, "खरंच तिच्या मनात न्हवतं?" मी व्हय म्हटलं. तुझ्या नावावर मी खोटं बोलले की खरं, ते मला मरेपर्यंत कळणार नाही. उद्या काय शिजवायचं याचा विचार केला की तुझं म्हणणं बरोबर वाटतं, आणि दीपाकडं बघितलं की माझं.

उद्या आम्ही दोघी बेळगुंदीला जाणार आहोत, त्या ड्रायव्हरच्या बायकोकडं. दीपाच म्हणाली. ओठ वाचले म्हणून कोर्ट काही ऐकणार नाही, एवढं आम्हाला कळतं. तिला काय सांगायचं तेही ठरलेलं नाही. पण जिथं तिला कुणी गप करणार नाही, असं एक तरी दार तिला असावं.

आज दुपारी, आपल्या मालिकेच्या वेळेला, मी शेडमध्ये गेले तर दीपा तुझ्या मागाशी उभी होती. तू असतीस तर आत पाऊल टाकलं नसतं तिनं. मोबाइल तिनं उचलला, पुसला, आणि परत तिथंच ठेवला. मग माझ्याकडं वळून ओठांनी बोलायला लागली. मला ओठ वाचता येतात हे आईला एकदा सांगायचं होतं, म्हणाली. रोज वाटायचं आज सांगते. मी शिकले हे कळलं तर तिला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं. एक वाक्य बोलले असते तर ती रडली नसती गं काकी. एवढं सगळं तिनं आवाज न काढता सांगितलं. माग बंद होते, घरात आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं.

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "मोठ्यानं बोल गं बाई. मोठ्यानं बोल."